पोर्टियसचा खून आणि जीनीचें उत्तर

दंग्यांत पोलिसाचा खून झाला ही बातमी दोन दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर असते. तिसऱ्या दिवशीं ती आंतल्या पानावर जाते आणि पंधरवड्यानें तिचा मागमूसही राहत नाहीं. पुढें न्यायालयाचें काम सुरू होतें. न्यायालयापुढें प्रश्न एकच असतो: हें कृत्य कोणीं केलें? राजकारणी मंडळी दुसरा प्रश्न काढतात: लोकांवर हें कृत्य करण्याची पाळी कां आली? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत यांत शंका नाहीं. परंतु या दोहोंच्या मधून एक तिसरा प्रश्न निसटून जातो. मेला तो माणूस होता कीं नुसता गणवेश होता, आणि ज्यांनीं मारलें तीं माणसें होतीं कीं नुसता जमाव होता? या प्रश्नाचा निकाल कोर्टांत लागत नाहीं आणि सभेंतही लागत नाहीं. तो विचारण्याची खरी जागा वाङ्मय हीच होय. ज्या थोड्या ग्रंथकारांनीं तो नेटानें विचारला त्यांत सर वॉल्टर स्कॉट हा आम्हांस अग्रगण्य वाटतो. म्हणून त्याच्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ या कादंबरीविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्कॉट आमच्या वाचकांस परका नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा त्याचें नांव घेतल्यावाचून क्वचितच पुरी होते, आणि एके काळीं इंग्रजी शिकलेल्या घरांतून त्याच्या कादंबऱ्यांच्या जाड्या प्रती असावयाच्याच. अलीकडे त्याला कोणी फारसें वाचीत नाहीं. वर्णनें लांब, बोली अवघड, कथानक सैल, असे आक्षेप त्याच्यावर घेतले जातात आणि ते सर्वस्वीं खोटेही नाहींत. प्रस्तुत कादंबरीवर तर एक विशेष आक्षेप आहे. ती दंग्यानें सुरू होते आणि पुढें एका गरीब गवळ्याच्या दोन मुलींची कथा सांगूं लागते. दंग्याचीं प्रकरणें अप्रतिम आहेत. परंतु मूळ कथेशीं त्यांचा संबंध ओढूनताणून आणलेला आहे, असें पुष्कळांचें मत आहे. हें मत आम्हांस मान्य नाहीं. दंग्यानें जो प्रश्न उभा केला त्याचें उत्तर त्या दोन बहिणींपैकीं थोरलीच्या तोंडून शेवटीं बाहेर पडतें, आणि त्या उत्तरासाठींच ही सारी कादंबरी लिहिली गेली आहे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम इतिहास पाहूं. इ. स. १७३६ च्या आरंभीं स्कॉटलंडांतील फाइफ परगण्यांत अँड्र्यू विल्सन व जॉर्ज रॉबर्टसन या दोन चोरट्या व्यापाऱ्यांनीं एका जकात अंमलदाराला लुटलें. १७०७ सालीं इंग्लंडशीं एकीकरण झाल्यापासून नव्या जकाती स्कॉटिश लोकांस जाचत होत्या. त्यामुळें जकात चुकविणें यांत कांहीं पाप आहे असें सामान्य माणसास वाटत नसे. दोघांसही फांशीची शिक्षा झाली. शिक्षेपूर्वीं चर्चमध्यें प्रार्थनेस नेलें असतां विल्सननें पहारेकऱ्यांना आपल्या अंगबळानें दाबून धरलें आणि जोडीदाराला पळून जाऊं दिलें. स्वतःच्या जिवाची आशा सोडून मित्राचा जीव वांचविणारा हा दांडगा पुरुष एका दिवसांत एडिंबरोच्या लोकांचा आवडता झाला. १४ एप्रिल रोजीं ग्रासमार्केटच्या बाजारचौकांत त्यास फांशीं देण्यांत आलें. बंदोबस्त शहर-पहाऱ्याकडे होता. आजच्या अर्थाचे पोलीस त्या वेळीं नव्हते. शहराचा बंदोबस्त राखण्याचें काम हेच पहारेकरी करीत, आणि त्यांचा कप्तान होता जॉन पोर्टियस. फांशी झाल्यावर जमावानें दगडफेक केली, पहाऱ्यानें गोळ्या झाडल्या, आणि कांहीं माणसें ठार व पुष्कळ जखमी झालीं. त्यांत खिडक्यांतून नुसतें पाहणारे लोकही होते.

पोर्टियसवर खटला झाला. गोळीबाराचा हुकूम आपण दिला नाहीं असें त्याचें म्हणणें होतें. परंतु ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें आणि ८ सप्टेंबर हा त्याच्या फांशीचा दिवस नेमला गेला. राजा दुसरा जॉर्ज त्या वेळीं हॅनोव्हरला गेला होता व कारभार राणी कॅरोलाइन पाहत होती. तिनें शिक्षा सहा आठवडे तहकूब केली. लंडनहून आलेली ही तहकुबी म्हणजे माफीचीच पूर्वतयारी, असें लोकांनीं जाणलें. ७ सप्टेंबरच्या रात्रीं जमाव जमला. त्यानें शहराचे दरवाजे ताब्यांत घेतले, पहाऱ्याचीं हत्यारें काढून घेतलीं, टोलबूथ तुरुंगाचें दार जाळलें आणि पोर्टियसला ओढून ग्रासमार्केटांत नेऊन एका रंगाऱ्याच्या खांबाला फांशीं दिलें. सरकारनें बक्षीस लावलें, चौकशी केली, परंतु एकाही माणसावर हा खून शाबीत झाला नाहीं. अखेर पार्लमेंटनें शहरालाच गुन्हेगार धरून पोर्टियसच्या विधवेसाठीं दोन हजार पौंड दंड बसविला आणि नगराध्यक्षाला अधिकारपदास अपात्र ठरविलें.

ऐंशी वर्षांनंतर, १८१८ सालीं, स्कॉटनें ही हकीकत कादंबरींत गुंफली. तो स्वतः कायद्याच्या पेशांतला माणूस होता. एका परगण्याचा शेरीफ म्हणून बंदोबस्ताची जबाबदारीही त्याच्यावर होती. अशा लेखकानें जमावाला राक्षस आणि अंमलदाराला हुतात्मा केलें असतें तर त्यांत कोणास नवल वाटलें नसतें. पण त्यानें तसें केलें नाहीं. पोर्टियसचें चित्र त्यानें निर्दयपणें खरें काढलें आहे. उद्दाम, रागीट, खासगी वर्तनांत बदनाम असा हा मनुष्य फांशीच्या दिवशीं विल्सनच्या जाड मनगटांत लहान बेड्या जोरानें दाबून बसवितो. वेदना होतात अशी तक्रार केल्यास, त्या लवकरच संपतील असें सांगतो. हें वाचून वाचकाच्या मनांत पोर्टियसविषयीं तिरस्कार उत्पन्न होतो. तो व्हावा अशीच ग्रंथकाराची इच्छा आहे.

आणि मग तुरुंगाचें दार जळतें. आंत पोर्टियस तहकुबीच्या आनंदांत मित्रांना जेवण देऊन नुकताच उठला आहे. गलका कानीं येतांच तो धुराड्यांत शिरतो. वर लोखंडी गज आहेत, त्यांस लोंबकळून राहतो. लोक त्याला खालीं ओढून काढतात. ज्या मनुष्याचा आम्ही चार प्रकरणांपूर्वीं मनापासून द्वेष केला, त्याचे काजळीनें भरलेले हात गजांवरून सोडविले जात असतांना आमचा द्वेष कोठें गेला हें आमचें आम्हांसच कळत नाहीं. मरणापूर्वीं तो आपला पैसा व कागदपत्र घरच्यांकडे पोंचविण्यासाठीं तुरुंगांतल्या एका कैद्याच्या हवालीं करतो. या एका लहानशा गोष्टीनें कप्तान नाहींसा होतो आणि घरदार असलेला एक माणूस उरतो. त्याच्या अंगीं एकही नवा सद्गुण न घालतां स्कॉटनें हें साधलें आहे. कोणी चांगला होता म्हणून त्याच्या मरणाचें दुःख करावें हें सोपें आहे. तो वाईट होता तरीही त्यास अशा रीतीनें मारणें वाईट, हें पटविणें कठीण. तें कठीण काम येथें झालें आहे.

जमावाचें चित्रही असेंच दुहेरी आहे. हे दंगेखोर लुटालूट करीत नाहींत. स्कॉट सांगतो कीं फांसाचा दोर एका दुकानांतून घेतला तेव्हां त्याच्या किंमतीदाखल तेथें एक गिनी ठेवण्यांत आली. मरणाऱ्यास धर्मोपदेश मिळावा म्हणून त्यांनीं रस्त्यांत गांठलेल्या बटलर नांवाच्या एका तरुण पाद्र्याला सक्तीनें बरोबर घेतलें. म्हणजे फांशीच्या शिक्षेचे सर्व उपचार त्यांनीं पाळले. फक्त शिक्षा देण्याचा अधिकार तेवढा त्यांच्यापाशीं नव्हता. ही शिस्तच वाचकास अधिक भिववते. पिसाळलेला जमाव शुद्धीवर आल्यावर पस्तावेल अशी आशा तरी असते. दोराची किंमत चुकती करणाऱ्या जमावास पस्तावा कसला होणार? बटलर त्यांना विनवतो, पण त्याचें कोणी ऐकत नाहीं. शेवटीं संधि साधून तो निसटतो आणि दूर गेल्यावर मागें वळून पाहतो. मशालींच्या उजेडांत गर्दीच्या डोक्यांवर एक आकृति तडफडत लोंबकळते आहे, आणि खालचे लोक तिच्यावर कुऱ्हाडी चालवीत आहेत. दोराचे पैसे देणारे हात तेच, कुऱ्हाड मारणारे हातही तेच. न्यायाचा मुखवटा येथें एका क्षणांत गळून पडतो, आणि त्यावर ग्रंथकार एका शब्दाचेंही व्याख्यान देत नाहीं.

येथवर स्तुति झाली. आतां दोषही सांगितला पाहिजे. इतिहासांत या जमावाचा पुढारी कोण हें कधींच उघड झालें नाहीं, आणि या घटनेचें खरें गूढ तेंच आहे. स्कॉटला मात्र तें गूढ तसेंच ठेववलें नाहीं. पळून गेलेला रॉबर्टसन हा वस्तुतः स्टॉन्टन नांवाचा एका सुखवस्तु घराण्यांतला बहकलेला तरुण होता, तोच स्त्रीवेष घेऊन दंग्याच्या अग्रभागीं होता, आणि तुरुंगांत असलेल्या आपल्या प्रेयसीस सोडविणें हाही त्याचा हेतु होता, अशी कल्पना त्यानें केली. यामुळें कथेचे धागे जुळतात, परंतु सत्य आकुंचित होतें. हजारों माणसांनीं मिळून केलेल्या कृत्याला एकच डोकें आणि एकच खासगी कारण चिकटविलें कीं बाकीचे सारे सुटतात. वाचकाला हायसें वाटतें, आणि वाचकाला हायसें वाटूं नये अशी ही जागा आहे.

या दोषाची भरपाई ग्रंथकारानें पुढें केली आहे. तुरुंगांतली ती मुलगी म्हणजे एफी डीन्स. गरोदरपण लपवून ठेवलें आणि मूल सांपडत नाहीं, एवढ्यावरून बालहत्येचा आरोप शाबीत धरणारा एक कडक कायदा त्या वेळीं होता. एफीनें आपली स्थिति बहिणीपाशीं बोलून दाखविली होती एवढें जरी सिद्ध झालें असतें तरी ती सुटती. थोरली बहीण जीनी हिनें शपथेवर एक खोटा शब्द बोलावा, एवढेंच सर्वांचें मागणें होतें. जीनी तो बोलत नाहीं. एफीस फांशीची शिक्षा होते. आणि खोटें न बोलणारी तीच बहीण लंडनची वाट पायांखालीं घालून राणीपुढें उभी राहते.

आतां वाचकांनीं लक्ष द्यावें. ही राणी म्हणजे तीच कॅरोलाइन, जिनें पोर्टियसची शिक्षा तहकूब केली होती, आणि जिची ती दया एडिंबरोच्या लोकांनीं दोरानें परत केली. त्या शहराविषयीं तिच्या मनांत अढी आहे. दंग्यांतले कोणी तुझ्या ओळखीचे आहेत काय, आणि तुला तें गुपित ठाऊक असतें तर तूं तें सांगितलें असतेंस काय, असें ती जीनीला विचारते. जीनीचें उत्तर फार साधें आहे. पोर्टियसचा किंवा त्याच्यासारख्या कोणाही अभाग्याचा जीव वांचविण्यासाठीं आपण पृथ्वीच्या टोंकापर्यंत गेलों असतों; परंतु त्याच्या रक्ताचा सूड घेण्याचें काम आपलें आहे कीं नाहीं याची आपणांस शंका वाटते; तें काम सरकारचें असेल तर सरकारनें करावें, अशा आशयाचें ती बोलते.

आमच्या मतें दंग्याच्या प्रकरणांचें हें उत्तर आहे. जमाव म्हणत होता कीं आमच्या मेलेल्यांसाठीं एक जीव पाहिजे. दरबार म्हणत होता कीं आमच्या मेलेल्या अंमलदारासाठीं कोणाचा तरी जीव पाहिजे. दोघांची भाषा एकच होती. जीनी या भाषेंत बोलतच नाहीं. वांचवावयाचें असेल तर वाटेल तितकें चालत जाईन, मारावयाचें असेल तर माझी गरज नाहीं, एवढीच तिची रीत आहे. बहिणीसाठीं जी मुलगी शेंकडों कोस चालत आली तिनेंच हें सांगावें, यांत त्या बोलण्याचें वजन आहे. दंगा वगळला तर जीनीच्या या शब्दांस कांहीं अर्थ राहणार नाहीं. आणि जीनीस वगळलें तर दंगा ही नुसती एक थरारक हकीकत होईल.

याच विषयावरची दुसरी प्रसिद्ध कादंबरी म्हणजे जॉर्ज एलियट या लेखिकेची १८६६ सालची ‘फेलिक्स होल्ट, द रॅडिकल’. १८३२ च्या मतदान-सुधारणेनंतरच्या निवडणुकींत एका लहान शहरांत दारू पाजून चेतविलेला जमाव दंगा करतो. मजुरांचा खरा कैवारी असा फेलिक्स हा तरुण जमावाला भलत्या मार्गानें जाऊं देऊं नये म्हणून त्यांत शिरतो. टकर नांवाचा एक शिपाई त्यासच पुढारी समजून त्याच्यावर धांवून येतो; झटापटींत फेलिक्स त्यास खालीं पाडतो आणि टकर त्या पडण्यानें मरतो. फेलिक्सला सदोष मनुष्यवधाबद्दल चार वर्षांची शिक्षा होते व पुढें माफी मिळते. स्कॉटच्या कथेंत मेलेला अंमलदार दोषी आहे आणि मारणारे सांपडत नाहींत. येथें मेलेला शिपाई आपलें कर्तव्य करीत होता, आणि जो सांपडला त्याच्या मनांत मारण्याचा हेतु नव्हता. जमाव एक कृत्य करतो आणि कायदा एक मनुष्य उचलतो, हें सत्य एलियटबाईंनीं स्कॉटहून अधिक स्पष्ट पाहिलें आहे. परंतु टकर कोण होता हें त्यांनीं आम्हांस जवळजवळ सांगितलेंच नाहीं. तो नायकाला संकटांत टाकण्यापुरता येतो आणि मरून जातो. फेलिक्सच्या मनाचे सर्व पापुद्रे उलगडून दाखविणाऱ्या या थोर लेखिकेला त्याच्या हातून मेलेल्या मनुष्यासाठीं एक पान सुचूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें. स्कॉटनें आपल्या दुष्ट कप्तानास जें दिलें तें एलियटबाईंनीं निरपराध टकरला दिलें नाहीं.

हे प्रश्न जुन्या काळाबरोबर संपले असें कोणी म्हणूं नये. ६ ऑक्टोबर १९८५ रोजीं लंडनच्या टॉटनहॅम भागांत ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतींत दंगा झाला. आदल्या दिवशीं पोलीस घराची झडती घेत असतां एक कृष्णवर्णी स्त्री मरण पावली होती. दंग्यांत आग विझविणाऱ्या बंबवाल्यांचें रक्षण करण्यास गेलेला कीथ ब्लेकलॉक हा पोलीस शिपाई जमावाच्या हातीं सांपडून मारला गेला. १९८७ सालीं तिघांना जन्मठेप झाली. १९९१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या शिक्षा रद्द केल्या, कारण पोलिसांनीं सादर केलेल्या जबाबाच्या टिपणांच्या खरेपणाविषयींच संशय उत्पन्न झाला. २०१४ सालीं आणखी एकावर खटला झाला, तोही निर्दोष सुटला. कोणी तरी पाहिजे म्हणून कोणास तरी धरलें, तर मेलेल्यास न्याय मिळत नाहीं आणि जिवंतांवर मात्र अन्याय होतो.

आणि आमच्या स्वतःच्या दाराशीं काय झालें? १९३० च्या मे महिन्यांत, महात्माजींच्या अटकेनंतर, सोलापुरांत लोक खवळले. पोलिसांनीं गोळीबार केला, त्यांत माणसें मेलीं. जमावानें दोन पोलीस शिपायांना ठार केलें. शहरावर लष्करी कायदा पुकारण्यांत आला. त्या शिपायांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. हे चौघे त्या कृत्याचे कर्ते नव्हते, सरकारला कोणी तरी पाहिजे होते, अशी सोलापूरकरांची दृढ श्रद्धा आहे. त्यांच्या स्मरणार्थ शहरांत चौक आहे, पुतळे आहेत, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्या दोन शिपायांस आमच्या आठवणींत कोठें जागा आहे काय? हा प्रश्न कांहीं वाचकांस खटकेल. परक्या सरकारचे ते नोकर होते, त्यांच्यासाठीं अश्रु कशाला, असें कोणी म्हणेल. आम्ही एवढेंच विचारतों, कीं ज्या पगारासाठीं त्यांनीं तो गणवेश चढविला त्या पगारावर कोणाची तरी चूल पेटत होती कीं नाहीं? त्या संध्याकाळीं कोणी तरी दाराशीं वाट पाहत होतें कीं नाहीं? चौघा हुतात्म्यांचा मान या प्रश्नानें तिळभरही कमी होत नाहीं. उलट ते निर्दोष होते असें आपण म्हणतों तेव्हां त्या शिपायांना मारणें हा दोष होता, हें आपण आपल्या नकळत कबूल करीतच असतों. मग तें उघडपणें कां म्हणूं नये? एका बाजूच्या मेलेल्यांसाठीं रडलें कीं दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांशीं बेइमानी होते, ही समजूत जमावाची आहे. ती घरांत बसून पुस्तक वाचणाऱ्या माणसाची असूं नये.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं ही जुनी कादंबरी पुनः एकदां कपाटांतून काढावी. आरंभींचीं लांबण लागलेलीं पानें धीरानें ओलांडावीं आणि घरांतल्या तरुण मुलामुलींस निदान दंग्याचीं प्रकरणें व राणीच्या भेटीचें प्रकरण मोठ्यानें वाचून दाखवावें. रस्त्यांत दगड उचलण्याचा किंवा बंदूक रोखण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीं येऊं नये. पण आल्यास धुराड्याच्या गजांवरचे ते काळवंडलेले हात त्यांना आठवावेत, एवढीच आमची इच्छा आहे.